एका बाजूचं दूध

खुराकाचं पोतं उघडायची एक रीत असते. शिवण उजवीकडून धरायची, पहिला टाका नखानं सोडवायचा आणि मोकळं टोक ओढायचं. सगळी शिवण सर्रकन सुटते, दोरा अख्खा हातात येतो. डावीकडून ओढलं तर गाठ आवळते, मग बसा सुरी शोधत.

*

शेळीची कास बाहेरून एक दिसते. आत मधोमध भिंत असते. डाव्या बाजूचं दूध उजव्या सडातून येत नाही. दोन सख्ख्या जावांसारखं: घर एक, चुली दोन.

*

माझ्या खोलीची किल्ली लोखंडी होती, बोटाएवढी लांब. आता ती खोली नाही, दार नाही, कुलूप नाही. किल्ली आहे.

*

पाटी, फाटकाच्या आत, निळ्या अक्षरात:
जिद्दीला काहीही खायला घालू नये.
काठीने डिवचू नये.
फोटो डाव्या बाजूनेच काढावा.

*

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. आमची शेळी जिवानिशी गेली नाही. वातड मी निघाले.

*

त्या एकोणीस दिवसांत आम्ही एकदाच हसलो. विनोद मी केला होता.

*

एकोणिसावा दिवस.

माती उपसायचं मशीन शेळ्यांच्या शेडकडे वळलं ते वासामुळे. चाळीस शेळ्या आत होत्या आणि वारा दुग्धशाळेकडे वाहत होता. मॅनेजर नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आता हेही उरकून टाका. रोगराई नको." माणसं शोधायची राहिली नव्हती. म्हणजे एक राहिला होता, माझा धाकटा भाऊ, पण त्याची आशा सगळ्यांनी सोडली होती. खाणीच्या टाकाऊ मातीचा डोंगर आमच्या डोक्यावर होता. कोरड्या दिवशी, भर दुपारी, तो खाली बसला आणि कामगारांच्या खोल्यांची ओळ आणि शेळ्यांची शेड त्यानं पोटात घेतली. धाकटा ओढ्यापर्यंत वाहवत गेला असणार, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे आम्ही ठरवलं होतं.

मशीनवाल्यानं छपराचा पत्रा उचलला आणि मशीन बंद केलं. खाली उतरला. वाकून बघितलं आणि ओरडला, "अहो, ही बघतेय! ही माझ्याकडे बघतेय!"

एकोणचाळीस मेलेल्या होत्या. चाळिसावी भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामधल्या पोकळीत उभी होती. हाडं वर आलेली, अंगावर मातीची साय, पण उभी. ती ठोकी होती. धार काढायची वेळ झाली की शिंगानं गव्हाण ठोकायची म्हणून तिचं नाव ठोकी. ते नाव तिच्याकडे आणखी तासभरच राहिलं. दुपारी वर्तमानपत्रवाले आले आणि ती जिद्दी झाली.

लोक टाळ्या वाजवत होते. माणसांची प्रेतं निघाली तेव्हा ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस निघाला नाही, ते शेळी बघून हमसून रडले. मी त्यांना दोष देत नाही. रडायला काहीतरी जिवंत लागतं.

तो फोटो तुम्ही बघितला असेल, सगळीकडे छापला होता. शेळी मधोमध, मान वर. फोटोच्या डाव्या कडेला वाकलेल्या पत्र्याचा एक कोपरा दिसतो. त्या पत्र्याखाली धाकटा होता. फोटो काढला तेव्हा पत्रा उचललेला नव्हता. शेळीपासून दोन हातांवर.

गुरांचे डॉक्टर पोकळीत उतरले. त्यांनी ठोकीचे डोळे बघितले, हिरड्या बघितल्या, मग सवयीनं हात कासेखाली घातला. डाव्या सडाला बोट लागताच दुधाची चिळकांडी त्यांच्या बाहीवर उडाली.

"दूध!" कोणीतरी ओरडलं. "एकोणीस दिवस गाडलेली आणि दूध देतेय!"

पुन्हा टाळ्या. डॉक्टर टाळ्या वाजवत नव्हते. ते बाहीकडे बघत होते, मग माझ्याकडे. दुग्धशाळेत मी दुधाचं माप घेते, अठरा वर्षं. त्यांना काय कळलं ते मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांना. मी खाली बघितलं.

*

शेळी पिळली नाही तर आटते. दोन-तीन दिवस कास तटतटते, दगडासारखी होते, शेळी ओरडून जीव नकोसा करते. मग शरीर शहाणं होतं. मागणी नाही तर माल कशाला. आठवडा, दहा दिवस, फार तर पंधरा. सड लोंबतात, रिकाम्या हातमोज्याच्या बोटांसारखे.

ठोकीचा उजवा सड तसाच होता. डावा भरलेला.

*

डॉक्टर दुसऱ्या दिवशी मापाच्या खोलीत आले. दार लोटून घेतलं.

"ताई, बसा."

"मी उभीच बरी आहे."

"एका बाजूचंच आहे."

"बघितलं मी."

"दोन्ही बाजूंचं असतं तर म्हटलं असतं, कसं तरी टिकलं. निसर्ग आहे, काहीही करतो. पण निसर्ग एक बाजू निवडत नाही." त्यांनी माझ्या टेबलावरचं माप उचललं, पुन्हा ठेवलं. "त्याचा हात एका बाजूलाच पोचत होता. पाय छपराच्या तुळईखाली होते, तुम्हाला सांगितलंच असेल."

"किती दिवस?"

"ताई..."

"डॉक्टर, मला दुधातलं शिकवू नका. किती दिवस ते सांगा."

"सतराव्या दिवसापर्यंत तरी पिळलीय. अठराव्याही असेल."

मी म्हटलं, बरं. मी अठरा वर्षं लोकांना म्हणत आले, इतकं पाणी घातलंय, इतकं कमी भरलंय, बरं. त्याच आवाजात म्हटलं.

"खुराकाची तीन पोती होती त्याच्या हाताशी," डॉक्टर म्हणाले. "शेळी पोतं फाडते, तुम्हाला माहीत आहे. दातांनी चिंध्या करते. ही फाडलेली नव्हती. शिवण सुटलेली होती. दोरे गुंडाळून बाजूला ठेवलेले होते."

दोरे गुंडाळून ठेवणारा आमच्याकडे एकच होता. घरातही ठेवायचा. डबाभर दोरे. भावजय म्हणायची, "तुमच्या भावाला यातून एखादा बंगला विणायचा असेल."

"तो तिला खाऊ घालत होता," डॉक्टर म्हणाले, "आणि ती त्याला. पाण्याचा नळ टाकीच्या बुडाशी ठिबकत होता. हे मी कुणाला सांगावं, तुम्हीच सांगा."

"कुणालाच नको."

इस्पितळातून आलेल्या कागदावर लिहिलं होतं: दबून मृत्यू, तत्काळ. लिहिणाऱ्यानं पत्रा बघितला, तुळई बघितली आणि लिहिलं. मॅनेजरांनी तो कागद स्वतः आणून भावजयीच्या हातात दिला. तिनं तो घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला. मला म्हणाली, "एवढं तरी बरं झालं, ताई. त्यांना कळलंसुद्धा नसेल."

*

पहिला दिवस.

भांडण उशीवरून झालं. घरात दोन उश्या, त्यातली एक चांगली. रात्रपाळी करून आलेला माणूस चांगली उशी मागतो आणि पहाटपाळी करून आलेली बाई म्हणते, मी काय दगडावर डोकं ठेवू? भावजय आमच्याकडे बारा वर्षं धारा काढत होती. तिचे हात दुखायचे, त्याची पाठ. लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि भांडायला नवीन काही उरलं नव्हतं.

तो मापाच्या खोलीशी आला. दाराला टेकून उभा राहिला, लहानपणी आईकडे माझी चुगली करायला उभा राहायचा तसा.

"ताई, तुझी किल्ली दे. दोन तास पडतो तुझ्याकडे."

"आणि तिला काय सांगू?"

"सांग, चांगली उशी ताईकडे आहे."

मी हसून किल्ली दिली. ओळीत माझी खोली चौथी. भावजय अंगणातून ओरडली, "ठेवून घ्या तुमच्याकडेच! परत पाठवू नका!" तो वळून म्हणाला, "ऐकलंस? साक्षीदार आहेस तू."

दोनला दहा मिनिटं कमी असताना तो गेला. दोन वाजून दहा मिनिटांनी डोंगर खाली बसला. मधल्या वीस मिनिटांत तो शेडकडे का वळला, मला माहीत नाही. ठोकीच्या खुरात आदल्या दिवसापासून खडा अडकला होता, तो बघायला गेला असेल. किंवा झोप नसेल आली. लहानपणापासून त्याला राग आला की तो जनावरांत जाऊन बसायचा. आई मलाच पाठवायची शोधायला आणि मी सरळ गोठ्यात जायची, दुसरीकडे बघायचीसुद्धा नाही.

हे मला माहीत होतं. त्या दिवशीही माहीत होतं. पण किल्ली मी माझ्या हातानं दिली होती. किल्ली दिली म्हणजे माणूस खोलीत.

"कोण कुठं असेल, नेमकं सांगा," शोधपथकाचा प्रमुख म्हणाला. पिवळी टोपी, बसलेला घसा. सगळे त्याला टोपीवाला म्हणत. "मशीन एकच आहे. चुकीच्या जागी लावलं तर दिवस जातो."

भावजयीनं बोट दाखवलं. मी दाखवलं. दोघींची बोटं चौथ्या खोलीवर.

*

टोपीवाल्याकडे एक लांब लोखंडी सळई होती, वरच्या टोकाला रबरी नळी, डॉक्टरांच्या असते तशी. सळई मातीत खुपसायची, सगळ्यांना गप्प करायचं आणि नळी कानाला लावायची. संध्याकाळी त्यानं आधी खोल्यांवर ऐकलं. काही नाही. मग शेडवर. त्याचा चेहरा बदलला.

"इथं आहे काहीतरी. ठोकतंय. थांबून थांबून ठोकतंय. कोण असतं इथं?"

"शेळ्या," मॅनेजर म्हणाले.

"माणूस?"

"दुपारी दोनला कोणी नसतं."

मी पुढं झाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "अहो, ती ठोकी आहे. शिंगानं गव्हाण ठोकते. धारेची वेळ झाली की रोज, सकाळ-संध्याकाळ पाचला."

टोपीवाल्यानं घड्याळ बघितलं. पाच वाजून तीन मिनिटं.

"खात्री आहे ना, ताई?" त्यानं नळी माझ्यापुढं धरली. "ऐका एकदा."

"त्यात काय ऐकायचं? सहा वर्षं ऐकतेय."

मी नळी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पुन्हा ऐकलं. पुन्हा ठोके. त्यानं घड्याळ माझ्याकडे वळवून दाखवलं. "पाच! ताई, तुमची शेळी घड्याळ लावून बसलीय."

"घड्याळ ती लावत नाही," मी म्हटलं. "मॅनेजरसाहेब तिच्यावर घड्याळ लावतात."

सगळे हसले. मशीनवाला हसला, पथकातली थकलेली माणसं हसली, मॅनेजरसुद्धा. भावजय तोंडावर हात ठेवून हसली आणि मग त्याच हाताआड रडायला लागली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. इतक्या माणसांत उपयोगाची एक गोष्ट मला एकटीला माहीत होती.

"आधी माणसं, मग जनावरं," टोपीवाला म्हणाला आणि मशीन चौथ्या खोलीवर लागलं.

*

सहावा दिवस: चौथी खोली मोकळी झाली. पलंग होता, माझी ट्रंक होती, चांगली उशी होती. तो नव्हता.

सातवा दिवस: टोपीवाल्यानं मातीचा उतार पावलांनी मोजला आणि म्हणाला, दाराशी असेल तर ओढ्याकडे ढकलला गेला असेल. मशीन ओढ्याकडे गेलं. जाताना त्यानं विचारलं, "शेडवर ऐकत राहू का?"

मी म्हटलं, "कशाला? तिला ऐकून भावजयीचा जीव वरखाली होतो. दर वेळी तिला वाटतं, तोच आहे."

"शेळीच आहे ना?"

"शेळीच आहे."

ठोके कधी थांबले कुणाला माहीत नाही. आम्ही ऐकणं सातव्या दिवशी थांबवलं.

*

लोक विचारतात. मी उत्तरं देते. ठोकीची देखभाल माझ्याकडे दिली आहे, मापाचं काम सांभाळून.

एकोणीस दिवस ती काय खात होती?
खुराकाची पोती होती जवळ.

स्वतःच उघडली?
हुशार आहे.

कास अशी वाकडी का?
दगडांचा दाब.

तिला हात लावला तर गुण येतो म्हणतात. माझ्या मुलीला दमा आहे.
हात लावा. चावत नाही.

तिच्याबरोबर कोणी माणूस होता म्हणे?
होता.

तो नाही वाचला?
नाही.

बघा! माणसापेक्षा जनावर चिवट.
हो. (इथं मी हसते. हसले नाही तर पुढचे दोन प्रश्न जास्त येतात.)

तुम्ही त्या माणसाला ओळखत होता?
चला, पुढं सरका, मागं रांग आहे.

*

फाटकाजवळ दगड बसवायचा होता. मॅनेजर मजकुराचा कागद घेऊन माझ्याकडे आले, माझं अक्षर चांगलं म्हणून.

पहिला मजकूर: "येथे जिद्दी एकोणीस दिवस एकटी मृत्यूशी झुंजली."

मी म्हटलं, "एकटी काढा."

"का?"

"एकोणचाळीस शेळ्या होत्या बरोबर."

"त्या मेल्या होत्या, ताई."

"म्हणून काय झालं? एकटी काढा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही काही कळलं असेल का? असेलही. मॅनेजर माणूस, कळलेलं न कळल्यासारखं ठेवणं हेच त्यांचं काम. त्यांनी "एकटी" खोडलं. दगडावर मात्र "एकटी" कोरून आलं. कोरणाऱ्याला जुना कागद गेला होता.

*

किल्ली टोपीवाल्यानं आणून दिली. पथक परत जायला निघालं होतं, सामान गाडीत चढत होतं. त्यानं प्लास्टिकची पिशवी पुढं केली.

"त्याच्या मुठीत होती. भावजयीला द्यायची की तुम्हाला, कळेना. खोली तुमची ना?"

किल्लीचं टोक चपटं झालं होतं. दाते बोथट. आणि दांडीवर एका बाजूनं पाण्याच्या नळाचा हिरवा रंग.

टोपीवाला म्हणाला, "माझी बावीस वर्षं झाली यात." मग टोपी काढली, आतली पट्टी पुसली, पुन्हा घातली. "येतो," म्हणाला आणि गेला.

मी किल्ली घेऊन रिकाम्या शेडमध्ये गेले. उभ्या राहिलेल्या नळावर ती आपटली. टक. टक. बारीक, कोरडा आवाज. ठोकी शिंगानं ठोकते तेव्हा गव्हाण धप्प वाजते, पोटातून. लहान पोरालाही फरक कळला असता. नळी कानाला लावली असती तर.

*

सहा महिने मी तिची डावी बाजू पिळत राहिले.

डॉक्टर दर भेटीत म्हणायचे, "आटवून टाका, ताई. तीन आठवड्यांचं काम. दोन्ही बाजू सारख्या होतील. मग कुणी बघितलं तरी काय कळणार? तुम्हालाही सुटका, तिलाही."

बरोबर होतं. वेळेचं अंतर वाढवत न्यायचं, खुराक कमी करायचा, हात लावायचा नाही. मी तीनदा सुरुवात केली. तीनदाही पाच वाजले, ठोकीनं गव्हाण ठोकली आणि मी बादली घेऊन गेले. तो आवाज आला की माझे पाय आपोआप चालायला लागत. एकदा मी उशीत डोकं खुपसून बसले. चांगल्या उशीत. तरी ऐकू आलं.

आणि दुसरं एक होतं. ती आटली की काहीच उरणार नव्हतं. कागदावर तत्काळ, दगडावर एकटी. तो सतरा दिवस जिवंत होता, हे जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, आणि ते मी रोज दोनदा बादलीत काढत होते.

भावजयीनं ठोकीचं तोंड बघितलं नव्हतं. "ते जिवंत तोंड मला नको," म्हणाली होती. तिनं धारा काढणं सोडलं, बाटल्या भरायच्या खोलीत काम घेतलं. तिथं दूध नळातून येतं, जनावर दिसत नाही. तब्येत सुधारली होती तिची. संध्याकाळी माझ्याकडे यायची, नव्या खोलीत. कधी कधी म्हणायची, "परत पाठवू नका म्हणाले होते मी. शेवटचं तेच बोलले. पण ताई, तत्काळ म्हणजे एका क्षणात ना? राग धरायलासुद्धा वेळ मिळाला नसेल ना?"

मी म्हणायची, "नसेल गं."

एका शब्दावर ती जेवत होती, झोपत होती. तो शब्द काढून घ्यायचा तर मला जीभ हवी होती, आणि माझ्या जिभेनं आधीच पुरेसं केलं होतं.

*

मग मॅनेजरांना फोटो हवा झाला. दुधाच्या पिशवीवर छापायला. जिद्दी आणि "त्या दुर्घटनेतली वीरपत्नी". मी म्हटलं, ती येणार नाही. ते म्हणाले, विचारून तर बघतो. ती हो म्हणाली. मला सांगितलंसुद्धा नाही.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "तीन आठवडे हवेत. किती दिवस आहेत?"

"दोन."

"मग धार काढून कास मोकळी ठेवा. लांबून दिसणार नाही."

पण भावजय लांब उभी राहणारी नव्हती, हे त्यांना काय माहीत.

दुपारी साडेतीनला ती आली. स्वच्छ कपडे, केस ओढून बांधलेले. फोटोवाला म्हणाला, "बाई, मानेवर हात ठेवा." तिनं ठेवला. ठोकीनं तिचा हात हुंगला. ओळखलं असावं, सहा वर्षं त्या हातांनीच तिची धार काढली होती. पाय फाकवून ती नीट उभी राहिली, धारेला राहते तशी.

बारा वर्षांची सवय. भावजय खाली बसली आणि तिचा हात कासेखाली गेला. तिनं ठरवून केलं नाही. मी बघत होते. हात आधी उजव्या सडाला लागला, तिथून डाव्याला गेला, पुन्हा उजव्याला आला. आणि थांबला.

"वा, बाई! असंच राहा!" फोटोवाला म्हणाला.

"ताई." तिनं मान वळवली नाही. "ही बाजू आटलीय."

"हो."

"आटून सहा महिने झालेत. कासेच्या दुखण्यानं नाही. पिळलीच नाही म्हणून."

"हो."

"आणि ही चालू आहे."

"मी चालू ठेवली."

"आधी कुणी ठेवली?"

फोटोवाला म्हणाला, "बाई, जरा हसू?" मॅनेजर त्याच्या कानात काहीतरी बोलले.

"डॉक्टर म्हणाले, सतराव्या दिवसापर्यंत," मी म्हटलं. आवाज तोच, मापाचा. "खुराक तो घालत होता. दोरे गुंडाळून ठेवले होते."

तिनं ब्लाऊजला वरून हात लावला, कागद होता तिथं. बाहेर काढला नाही.

"आणि ते ठोके?"

मी किल्ली तिच्या हातात दिली. सहा महिने ती माझ्या कमरेला होती. तिनं अंगठा चपट्या टोकावरून फिरवला, हिरव्या रंगावरून फिरवला. मला वाटलं, ओरडेल. मला मारेल. मारावं, असं वाटलं. तिनं किल्ली गव्हाणीच्या कडेवर नीट ठेवली.

"बादली द्या," म्हणाली.

मी दिली. सुरू केलेली धार अर्ध्यात सोडायची नसते, हे तिनंच नव्या बायकांना शिकवलं होतं. ती एका हातानं, एका बाजूनं, शेवटच्या थेंबापर्यंत पिळत राहिली. फोटोवाला खूश होता. तोच फोटो पिशवीवर आला. चांगला आहे. तिचा चेहरा शांत दिसतो.

ती उठली आणि बादली माझ्यापुढं धरली.

"माप घ्या."

मी माप आणलं. ओतताना थोडं सांडलं.

"किती?"

"पाऊण लिटरला थोडं कमी."

"त्यांना वास सोसायचा नाही," ती म्हणाली. "शेळीच्या दुधाचा. चहासुद्धा कोरा घ्यायचे." ती बादलीत बघत राहिली. "हसले होते मी."

"विनोद माझा होता."

"हो," ती म्हणाली. "तुमचा होता."

*

भावजय अजून दुग्धशाळेतच आहे. मापाच्या खोलीसमोरून दिवसातून चार वेळा जाते. काम असेल तर दाराशी थांबते आणि "अहो" म्हणते, बाजारात अनोळखी बाईला म्हणावं तसं. ताई म्हणत नाही. मी वाट बघणं सोडलेलं नाही, पण ते माझं मी बघेन.

ठोकी आटली. त्या दिवसानंतर मी हात लावला नाही. ती पाचला गव्हाण ठोकते आणि मी खुर्चीचे हात धरून बसून राहते. आता दोन्ही बाजू सारख्या दिसतात, पाटीवरची फोटोची ओळ पुसून टाकली आहे. लोक अजून येतात.

*

शोधाच्या त्या दिवसांत मशीन रात्रंदिवस चालायचं. पाळी बदलताना तेवढं बंद व्हायचं, सकाळी पाचला आणि संध्याकाळी पाचला. सळई लावून ऐकता यायचं ते फक्त तेव्हाच.